स्वबांधणीच्या विमानाची विद्युतव्यवस्था : ऑल्टरनेटर बंद पडेल तेथून आखणी सुरू करावी

प्रश्नकर्त्याने मांडलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. दोन आसनांचे ॲल्युमिनियमचे विमान बांधून होत आले आहे. इंजिन चार सिलिंडरचे आणि कार्ब्युरेटरचे आहे. त्याच्यावर चालणारा यांत्रिक इंधनपंप आहे आणि जोडीला विजेवर चालणारा साहाय्यक पंप आहे. प्रज्वलनासाठी एका बाजूला मॅग्नेटो आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. पॅनेलवर उड्डाणाची माहिती दाखवणारे दोन पडदे, एक रेडिओ आणि एक ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारा संच) बसवायचा असून रात्री आणि ढगांतूनही उड्डाण करण्याचा विचार आहे. विद्युतव्यवस्थेच्या आराखड्यात ६० अँपिअरचा ऑल्टरनेटर (इंजिनावर चालणारा वीजनिर्माता), दोन बॅटऱ्या, दोन मुख्य बस (उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्ट्या), त्या जोडणारा कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा, विजेने चालणारा स्विच) आणि रेडिओसंचांसाठी वेगळा मास्टर स्विच दाखवला आहे. हा आराखडा पुरेसा सुरक्षित आहे का, असा प्रश्न आहे.

या आराखड्यात गरजेपेक्षा जास्त भाग आहेत, आणि तरीही तीन आवश्यक गोष्टी त्यात नाहीत. व्होल्टेज मर्यादेबाहेर चढल्यास ऑल्टरनेटर तोडणारी यंत्रणा नाही. व्होल्टेज उतरल्याचा इशारा देणारा दिवा नाही. आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनला मिळणारी वीज मास्टर कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे बॅटरीला बसशी जोडणाऱ्या मुख्य कॉन्टॅक्टरच्या, पलीकडून घेतली आहे, म्हणजे मास्टर बंद होताच तीही जाते. असे होण्याचे कारण आखणीच्या क्रमात आहे. बॅटऱ्या आणि बस किती असाव्यात हे आधी ठरले आणि उपकरणे नंतर त्यांच्यावर वाटली गेली. हा क्रम उलटा करावा. आराखड्यातील प्रत्येक भागावर बोट ठेवून तो आत्ता, रात्री, ढगात बंद पडला असे समजावे, आणि चार गोष्टी तपासाव्यात : तो बिघडल्याचे मला कळेल का, उड्डाणापूर्वी जमिनीवर ते तपासता येईल का, त्याच्याशिवाय उड्डाण शांतपणे पूर्ण होईल का, आणि होणार नसेल तर त्याला पर्याय कोणता. ज्या भागामुळे यांपैकी एकाही उत्तरात सुधारणा होत नाही, तो भाग वजन आणि बिघाडाची एक नवी जागा यांखेरीज काही देत नाही.

यासाठी प्रथम विजेचा हिशेब मांडावा लागतो. आपल्या उपकरणांच्या पुस्तिकांतील आकडे वेगळे असतील, पण या प्रकारच्या विमानात साधारण चित्र असे असते : दोन पडद्यांना मिळून ३ अँपिअर, रेडिओला ऐकताना अर्धा आणि बोलताना क्षणभर दोन ते तीन, ट्रान्सपॉन्डरला एकाहून थोडे कमी, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला दीड, एलईडीचे दिशादिवे आणि झगझगते दिवे यांना दोन ते तीन, आणि मास्टर कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीला तो नुसता जोडलेला ठेवण्यासाठी पाऊण ते एक अँपिअर. बाकीचे किरकोळ भार धरून सरळ उड्डाणातला सततचा भार अशा रीतीने १० ते १२ अँपिअरच्या घरात जातो. पिटो नळी (हवेतील वेग मोजणारी नळी) तापवणाऱ्या हीटरला एकट्याला सुमारे १० अँपिअर लागतात; तो, उतरतानाचा दिवा आणि साहाय्यक पंप एकदम चालू केले तरी बेरीज ३० अँपिअरच्या आत राहते. ऑल्टरनेटरवर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून अधिक सततचा भार टाकू नये, हा संकेत पाळूनही ४० अँपिअरचा ऑल्टरनेटर पुरला असता. ६० चा घेतलाच असेल तर तो राहू द्यावा, पण त्याच्या मोठेपणातून सुरक्षितता मिळते असे समजू नये.

महत्त्वाचा हिशेब दुसरा आहे. ऑल्टरनेटर बंद पडल्यावर विमानतळापर्यंत पोहोचण्यासाठी खरोखर काय लागते? एक पडदा, रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, इग्निशन आणि पॅनेलवर थोडा उजेड : सुमारे साडेचार अँपिअर. १७ अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीची ही क्षमता २० तासांत ती रिकामी करण्याच्या मंद वेगाला मोजलेली असते. साडेचार अँपिअरने ओढले तर प्रत्यक्षात सुमारे १४ अँपिअर-तास मिळतात, आणि बॅटरी जुनी होऊन ८० टक्क्यांवर आली असेल तर ११. तरीही सुमारे अडीच तास हाती राहतात. वैमानिकाला बिघाड वेळेत कळला तरच हा हिशेब खरा ठरतो. १२ अँपिअरचा पूर्ण भार २० मिनिटे कोणाच्याही लक्षात न येता चालू राहिला, तर ४ अँपिअर-तास, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक साठा, निर्णय घेण्यापूर्वीच गेलेला असतो. म्हणून मी इशाऱ्याच्या दिव्याला दुसऱ्या बॅटरीपेक्षा जास्त महत्त्व देतो. ऑल्टरनेटर चालू असताना बसवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो थांबताच बॅटरीचा दाब लवकरच साडेबारा व्होल्टच्या जवळ उतरतो. त्यामुळे १३ व्होल्टच्या खाली उघडझाप करणारा, नजरेच्या टप्प्यातला दिवा चूक करीत नाही. अँपिअर दाखवणारा काटा किंवा पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा हे काम करू शकत नाही, कारण कामात गढलेला वैमानिक त्याच्याकडे पाहीलच असे नाही.

आता मांडणी. एक बॅटरी आणि एक मुख्य बस पुरेशी आहे. तिच्यासोबत एक छोटी निर्वाह बस ठेवावी, जिच्यावर इग्निशन वगळता वर सांगितलेली मोजकी उपकरणे असतील. ही बस नेहमी मुख्य बसकडून एका डायोडमधून वीज घेते आणि गरज पडल्यास स्वतःच्या स्विच व फ्यूजमधून थेट बॅटरीकडून घेते. डायोडमुळे बॅटरीची वीज उलट्या दिशेने मुख्य बसकडे जात नाही. साध्या सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात, शॉटकी प्रकारात त्याहून कमी; ५ अँपिअरला साडेतीन वॅट उष्णता तयार होते, म्हणून डायोड धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवावा. दिवा लागल्यावर वैमानिकाने दोनच गोष्टी करायच्या : निर्वाह बसचा पर्यायी स्विच चालू करायचा आणि मास्टर बंद करायचा. कॉन्टॅक्टर सुटतो, त्याची गुंडाळी ओढत असलेला पाऊण अँपिअरही वाचतो, आणि पुढचा हिशेब वर मांडल्याप्रमाणे चालतो. दोन बस आणि त्यांना जोडणारा कॉन्टॅक्टर असलेल्या मांडणीत त्याच क्षणी कोणती बॅटरी भरलेली आहे, दोन बस जोडलेल्या आहेत की तुटलेल्या, याचा विचार करावा लागतो, आणि तो विचार करण्यासाठी ती वेळ अत्यंत वाईट असते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनची तार बॅटरीजवळच्या, मास्टरच्या अलीकडच्या छोट्या फ्यूजगटावरून, स्वतःच्या स्विचने घ्यावी. कॉकपिटमध्ये धूर दिसला तर पहिली कृती मास्टर बंद करण्याची असते, आणि ती करताना हात कचरता कामा नये. मास्टर बंद केल्याने इंजिनाची अर्धी प्रज्वलनशक्ती जाणार असेल तर हात कचरतोच. दुसऱ्या बाजूचा मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, त्यामुळे तो या सगळ्यापासून मुक्त आहे. मात्र त्याला थांबवणारी तार जमिनीला, म्हणजे विमानाच्या धातूच्या सांगाड्याला, जोडून त्याला बंद करते, हे विसरू नये. ती तार तुटली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि पंखा हाताने फिरवणाऱ्याला धोका होतो. या इंजिनाला दोन्ही बाजूंनी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि विजेवर चालणारे इंधन अंतःक्षेपण असते, तर माझे उत्तर वेगळे असते : तेथे वीज गेली की इंजिन थांबते, आणि दोन स्वतंत्र स्रोतांवाचून पर्याय नसतो.

सतत जिवंत राहणाऱ्या अशा तारांबाबत एक बंधन पाळावे. अपघातात मास्टर बंद केल्यानंतरही त्या जिवंत असतात, म्हणून त्यांचे फ्यूज बॅटरीला लागून असावेत आणि ५ अँपिअर किंवा त्याहून लहान असावेत. त्याहून मोठा भार असेल तर बॅटरीजवळच एक छोटा रिले बसवून तो कॉकपिटमधून तोडता येईल अशी सोय करावी.

आपल्याला ढगांत उडायचे आहे, त्यामुळे एका बॅटरीवर समाधान होत नसेल तर ते मी समजू शकतो. पण दुसरी बॅटरी हा त्याचा सर्वांत कमकुवत उपाय आहे. अशा इंजिनाच्या मागच्या बाजूला, जुनी फिरकीची उपकरणे चालवणाऱ्या निर्वात पंपासाठी एक जागा असते, आणि पडद्यांच्या पॅनेलमुळे तो पंप आता लागत नाही. तेथे कायम चुंबकाचा, ८ अँपिअर देणारा छोटा ऑल्टरनेटर बसतो. त्याचे वजन दीड-दोन किलोच्या आसपास असते; दुसरी १७ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे सहा किलोची असते, दर काही वर्षांनी बदलावी लागते आणि तरीही काही तासांत संपते. साडेचार अँपिअरचा निर्वाहभार ८ अँपिअरच्या स्रोतावर सहज चालतो, आणि टाकीत इंधन असेपर्यंत चालतो. बॅटरीतला पूर्ण साठा मग उतरतानाचे दिवे आणि पंप यांच्यासाठी शिल्लक राहतो.

वीज जाण्यापेक्षा वीज अनावर होणे अधिक वेगाने नुकसान करते. रेग्युलेटर (ऑल्टरनेटरचे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) आतून शॉर्ट झाला तर ऑल्टरनेटरच्या क्षेत्रगुंडाळीला, म्हणजे त्याचे चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीला, पूर्ण प्रवाह मिळतो आणि व्होल्टेज चढू लागते. बॅटरी काही काळ ते शोषून घेते, पण त्यात तिचे द्रव उकळू लागते, आणि ती जोडलेली नसेल तर व्होल्टेज क्षणार्धात उपकरणांच्या सहनशक्तीपलीकडे जाते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे १६ व्होल्टच्या थोडे वर गेल्यावर क्षेत्रगुंडाळीचा पुरवठा जाणूनबुजून जमिनीला जोडणारे मंडल (सर्किट). त्यामुळे त्या पुरवठ्यातला ५ अँपिअरचा सर्किट ब्रेकर उडतो आणि ऑल्टरनेटर थांबतो. रेग्युलेटर बाहेर असलेल्या ऑल्टरनेटरवर हे सरळ जमते. मोटारगाडीतून आलेल्या, आत रेग्युलेटर असलेल्या ऑल्टरनेटरला बाहेरून क्षेत्रप्रवाह तोडून थांबवता येईलच असे नसते. तेथे त्याच्या जाड तारेत वेगळा कॉन्टॅक्टर लागतो, आणि तो भर भारात उघडला तर ऑल्टरनेटरलाच इजा होऊ शकते. या एका कारणासाठी मी बाहेरच्या रेग्युलेटरचा ऑल्टरनेटर निवडतो. बॅटरी बंद आणि ऑल्टरनेटर चालू अशी स्थिती स्विचांच्या रचनेतच अशक्य करून ठेवावी.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचा विचार आपण केल्याचे दिसते. वजनाचा फायदा खरा आहे, पण तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती रिकामी असताना ऑल्टरनेटरकडून मोठा प्रवाह ओढते, शून्य अंशाखाली भरल्यास तिला इजा होते, आणि तिच्या आतले संरक्षक मंडल स्वतःच्या निर्णयाने तिला बसवरून तोडू शकते, म्हणजे वर सांगितलेली बॅटरीविना ऑल्टरनेटरची स्थिती निर्माण करू शकते. पहिल्या विमानात शिसे-आम्लाची, काचतंतूंच्या थरात आम्ल शोषलेली बंद (एजीएम) बॅटरी वापरावी, असा माझा सल्ला आहे.

रेडिओसंचांचा वेगळा मास्टर स्विच काढून टाकावा. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर रेडिओंना स्टार्टरच्या धक्क्यांपासून वाचवण्यासाठी ही पद्धत रूढ झाली; आजची विमानासाठी बनवलेली उपकरणे असे धक्के सोसण्याच्या चाचण्यांतून गेलेली असतात. एका स्विचमधून सर्व महत्त्वाची उपकरणे नेली की तो स्विच बिघडताच ती सगळी एकत्र जातात. खरी अडचण वेगळी असते : स्टार्टर १५० ते ३०० अँपिअर ओढत असताना बसचा दाब दहा व्होल्टच्या खालीही उतरतो आणि पडदे पुन्हा नव्याने सुरू होतात. त्याचा त्रास होत असेल तर पडद्यापुरती छोटी पूरक बॅटरी ठेवणे योग्य.

तारांचा विषय मी थोडा विस्ताराने घेतो, कारण बांधणारे येथेच सर्वाधिक घाई करतात. तार नेहमी कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तांब्याच्या तंतूंची आणि टेफझेलच्या आवरणाची असावी. २२७५९/१६ या लष्करी मानकाची तार १५० अंश सेल्सियसपर्यंत टिकते. मोटारगाडीची किंवा घरगुती पीव्हीसीची तार जळताना दाट विषारी धूर सोडते, म्हणून ती बंद कॉकपिटमध्ये वापरू नये. फ्यूज तारेचे रक्षण करतो, उपकरणाचे नाही, हे तत्त्व धरून चालावे : २२ गेजला (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) ५ अँपिअर, २० ला ७, १८ ला १०, १६ ला १५. तार किती तापते एवढेच पाहून मात्र भागत नाही, दाब किती घटतो हेही पाहावे लागते. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या ४३.१३-१बी या मार्गदर्शक पत्रकानुसार १४ व्होल्टच्या व्यवस्थेत सततच्या भारासाठी अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि अधूनमधूनच्या भारासाठी १ व्होल्टपर्यंत घट चालते. आपल्या पिटो हीटरचे उदाहरण घेऊ. बसपासून पंखापर्यंत साडेचार मीटर तार आणि परतीचा मार्ग सांगाड्यातून धरला, तर १८ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे २१ मिलिओहम असल्याने १० अँपिअरला ०.९ व्होल्टहून अधिक दाब वाटेतच जातो. १६ गेजला सुमारे ०.६, आणि १४ गेजला ०.३७. म्हणजे येथे १४ गेज घ्यावी. गेजचा आकडा तीनने कमी झाला की तारेचा छेद दुप्पट होतो आणि रोध निम्मा, एवढे लक्षात ठेवले तर असे बहुतेक हिशेब तोंडी करता येतात.

सर्किट ब्रेकरांच्या लांब रांगेपेक्षा मी फ्यूजचे गट पसंत करतो, आणि ते वैमानिकाच्या हाताबाहेर असले तरी चालते. उड्डाणात उडालेला फ्यूज किंवा ब्रेकर म्हणजे कोठेतरी तार जमिनीला लागली आहे किंवा उपकरण जळते आहे. तो पुन्हा लावून पाहणे म्हणजे त्या ठिकाणी आणखी एकदा आग लावण्याचा प्रयत्न आहे. जे उपकरण गेल्याने उड्डाण पूर्ण होत नाही, त्याला मांडणीतच पर्याय असला पाहिजे. ब्रेकर मी फक्त क्षेत्रगुंडाळीसाठी ठेवतो, कारण तो उडवण्याचे काम संरक्षक मंडलाला करायचे असते. कॉन्टॅक्टरच्या प्रत्येक गुंडाळीवर, पट्टी धन बाजूला येईल अशा रीतीने, एक डायोड लावावा. तो नसेल तर गुंडाळी सोडताना उठणारी ठिणगी स्विचचे संपर्क हळूहळू खाऊन टाकते.

जमिनीच्या जोडणीकडे आपल्या आराखड्यात दुर्लक्ष झाले आहे. फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या अग्निरोधक भिंतीवर) एकच जाड बोल्ट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जोडपट्ट्या ठेवाव्यात. बॅटरीची ऋण तार, इंजिनाकडून येणारा विणलेला पट्टा आणि पॅनेलवरील सर्व उपकरणे तेथे यावीत. पंखांतले दिवे आणि पिटो हीटर यांना ॲल्युमिनियमचा सांगाडा परतीसाठी चालतो, पण रेडिओ, इंटरकॉम आणि संवेदक यांना चालत नाही, कारण दोन ठिकाणी जमिनीला जोडलेल्या मंडलात दिव्यांचा आणि ऑल्टरनेटरचा प्रवाह मिसळतो आणि कानात शीळ ऐकू येते. हेडसेटचे जॅक याच कारणासाठी पॅनेलच्या धातूपासून रोधक वॉशरने वेगळे ठेवावेत. इंजिनाचा विणलेला पट्टा ढिला झाला किंवा विसरला गेला तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह थ्रॉटल आणि मिश्रणाच्या पोलादी केबलमधून परतीची वाट शोधतो; केबल आतून वितळून चिकटल्याची उदाहरणे आहेत, आणि ती हवेत गेल्यावर कळते. चुंबकीय दिशासंवेदक पंखाच्या टोकाकडे ठेवणार असाल तर तेथील दिव्यांना सांगाड्यातून परत न आणता पीळ दिलेल्या जोडतारांनी परत आणावे, म्हणजे दोन्ही तारांचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खोडते.

जोड झारणीने (सोल्डरने) करण्यापेक्षा टर्मिनल तारेवर दाबून बसवणाऱ्या रॅचेटच्या क्रिम्पिंग पकडीने करावेत. झारणी तारेच्या तंतूंत वर चढते आणि जेथे ती संपते तेथे कडक व लवचीक भागांची सीमा तयार होते. कंपनाने तार नेमकी तेथेच तुटते. चांगले क्रिम्प केलेले टर्मिनल तारेबरोबर तिचे आवरणही धरून ठेवते. प्रत्येक प्रकारच्या टर्मिनलचा एक नमुना करून तो ओढून पाहिल्याशिवाय विमानातला पहिला जोड करू नये.

तारांचा जुडगा पत्र्याच्या भोकातून जाईल तेथे रबरी कडे लावावे, आणि इंधनाच्या नळीजवळून जाईल तेथे तो नळीच्या वर असावा व दोघांना स्वतंत्र आधार असावा. याच अनुषंगाने कॉकपिटच्या उष्णता व ध्वनिरोधक अस्तराकडेही विद्युतव्यवस्थेचा भाग म्हणून पाहावे. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे उड्डाण कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि विमानातील सर्व २२९ जण मरण पावले. तपासात असे निष्पन्न झाले की तारेवरील विद्युत ठिणगीच्या घटनेतून आग सुरू झाली असावी आणि धातूचा मुलामा असलेल्या पॉलिएस्टरच्या अस्तराने ती पसरवली. आपल्या विमानात लावायच्या प्रत्येक अस्तराचा तुकडा आधी मोकळ्या जागेत ज्योतीवर धरून पाहावा, आणि ज्योत काढल्यावर जळत राहणारे अस्तर आत नेऊ नये.

सर्व जोडणी झाल्यावर, पहिल्या उड्डाणापूर्वी, जमिनीवर बिघाड घडवून पाहावेत. एकेक फ्यूज काढून फक्त अपेक्षित उपकरणच बंद होते याची नोंद करावी. इंजिन चालू असताना ऑल्टरनेटर बंद करून दिवा लागतो का हे पाहावे, निर्वाह बसवर जाऊन मास्टर बंद करावा आणि इंजिन, पडदा व रेडिओ चालू राहतात याची खात्री करावी. नंतर इंजिन थांबवून, भरलेल्या बॅटरीवर केवळ निर्वाहभार ठेवून, दाब ११ व्होल्टपर्यंत उतरायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा आणि तो वैमानिकाच्या तपासयादीत लिहावा. ही मोजणी दरवर्षी पुन्हा करावी. नव्या बॅटरीच्या तुलनेत तो वेळ ८० टक्क्यांच्या खाली गेला की बॅटरी बदलावी, मग ती इंजिन कितीही जोमाने सुरू करीत असली तरी, कारण स्टार्टर फिरवायला काही सेकंदांची ताकद लागते आणि निर्वाह बसला तासांचा साठा लागतो.